साडेतीन वर्षांच्या मुलीच्या कानात ग्रोमेट बसवावे का?

आपण लिहिले आहे की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, गेल्या वर्षभरात पाच वेळा तिचा कान ठणकून ताप आला, त्यातल्या दोन वेळा कान फुटून वाहिला, आणि आता डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांमागे पाणी असल्याचे सांगून ग्रोमेट, म्हणजे कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी, बसवण्याचा सल्ला दिला आहे. घरातली मोठी माणसे वय वाढले की हे आपोआप जाते असे म्हणतात. आपल्याला एकीकडे भुलीची भीती वाटते आणि दुसरीकडे थांबलो तर तिचे ऐकणे कायमचे कमी होईल का, याची. मी डॉक्टर नाही. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या मुलाच्या दोन्ही कानांत तो साडेचार वर्षांचा असताना ग्रोमेट बसवले, आणि त्याच वर्षी माझ्या भाचीला तोच सल्ला मिळूनही तिला ते बसवावे लागले नाही. दोन्ही मुलांच्या बाबतीत योग्य तेच झाले असे मी आज खात्रीने म्हणू शकते, म्हणून ते कशावरून ठरले हे सविस्तर लिहिते.

आधी कानात काय घडते ते पाहू, कारण ते कळल्यावर डॉक्टरांना काय विचारायचे हे आपले आपल्यालाच सुचते. पडद्याच्या मागे मध्यकर्णाची हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिच्यातून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते आणि आपण आवंढा गिळला किंवा जांभई दिली की ती क्षणभर उघडून आत ताजी हवा जाते. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळेच. मोठ्या माणसांत ती लांब आणि तिरकी असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे साध्या सर्दीतही ती सुजून बंद होते. हवा आत गेली नाही की पोकळीचे अस्तर पाणी सोडू लागते, ते तिथेच साठते आणि पुढे पुढे डिंकासारखे घट्ट होते. त्यात जंतू वाढले तर पू होतो, ठणका लागतो, ताप चढतो, कधी पडदा फाटून कान वाहतो. जंतू वाढले नाहीत तर काहीच दुखत नाही, पाणी मात्र पडद्यामागे राहते आणि पडद्याला नीट हलू देत नाही.

म्हणजे यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, वारंवार होणारा ठणका आणि न दुखता साठून राहिलेले पाणी. आपल्या प्रश्नात त्या एकत्र आल्या आहेत, आणि माझ्या अनुभवात सगळा घोटाळा तिथेच होतो. ठणका आई-बापांना रात्रभर जागवतो, म्हणून आपण तो मोजतो. पाणी किती दिवसांपासून आहे आणि त्यामुळे मुलाला किती कमी ऐकू येते, हे कोणी मोजत नाही. ग्रोमेटचा निर्णय मात्र मुख्यतः त्या दुसऱ्या मोजणीवर व्हायला हवा.

माझ्या मुलाचा कान वर्षभरात एकदाच दुखला होता. तो हट्टी झाला आहे, हाक मारली की ऐकून न ऐकल्यासारखे करतो, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतो, अशा आमच्या तक्रारी होत्या. मी रोज चाळीस मुलांना शिकवते, तरी माझ्याच घरातली गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याचे मला आजही वाईट वाटते. एका संध्याकाळी मी त्याला अंक म्हणायला लावत होते. माझ्या तोंडाकडे पाहत असला की तो "सात" नीट म्हणायचा. मी भाकरी उलटायला पाठ फिरवली आणि पुन्हा "सात" म्हटले, तर तो "हात" म्हणाला आणि खरोखरच हात पुढे केला. मी पाठमोरी राहूनच आणखी चार-पाच शब्द हळू आवाजात म्हणून पाहिले. त्यातले दोनच त्याला कळले. इतके दिवस तो ओठ बघून ऐकत होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही एका रुग्णालयात गेलो. तिथे कानात दुर्बिणीने पाहून, पाणी आहे असे सांगून, ऐकण्याची कोणतीही चाचणी न करता त्याच भेटीत ऑपरेशनची तारीख दिली. कशासाठी, किती दिवस वाट पाहून, हे विचारायला सवडच मिळाली नाही. सल्ला चुकीचाच होता असे मी म्हणत नाही, कारण शेवटी ते ऑपरेशन करावेच लागले. पण त्या दिवशी तो सल्ला कशाच्याही आधारावर उभा नव्हता. दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी दोन चाचण्या करून घेतल्या आणि मग म्हणाले, "बाई, कानात पाणी आहे हे खरं, पण ते आजचं आहे की सहा महिन्यांचं, हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. आजची तारीख लिहून ठेवा, इथून पुढं मोजू."

त्या दोन चाचण्या आपल्या मुलीच्या झाल्या आहेत का, हे सर्वांत आधी पाहा. पहिली टिम्पॅनोमेट्री. कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक धरून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो याची रेघ कागदावर उमटते. निरोगी कानात त्या रेघेला डोंगरासारखे टोक येते, पडद्यामागे पाणी असेल तर ती सपाट राहते. मिनिटभराचे काम आहे आणि दुखत नाही. दुसरी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी. साडेतीन वर्षांच्या मुलीला "आवाज आला की बटण दाब" हे जमणार नाही अशी शंका येते, पण त्या वयात ही चाचणी खेळातून घेतात. आमच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी मुलाच्या हातात रंगीत मणी दिले आणि कानात बारीक आवाज आला की एक मणी डब्यात टाकायचा, एवढेच शिकवले. मी काचेपलीकडे बसले होते. तो मणी कानाशी धरून, श्वास रोखून वाट पाहत होता आणि बराच वेळ डब्यात काहीच पडत नव्हते. उजव्या कानाला तीस आणि डाव्याला पस्तीस डेसिबलच्या पुढचेच आवाज पोहोचत होते. कुजबुज साधारण तीस डेसिबलची असते. घरातले मोठ्याने बोलणे त्याला कळत होते, वर्गात मागच्या बाकावर पोहोचणारे अर्धेमुर्धे बोलणे कळत नव्हते.

त्यानंतर आम्ही तीन महिने थांबलो. ही मुदत कोणा एका डॉक्टरांच्या मर्जीची नाही. कानाचे इन्फेक्शन बरे झाल्यावरही पडद्यामागचे पाणी लगेच ओसरत नाही. महिन्यानंतर शंभरातल्या सुमारे चाळीस मुलांत ते असते, तीन महिन्यांनंतर मात्र सुमारे दहा मुलांतच उरते. बाकीच्यांचे शरीर ते आपोआप शोषून घेते. म्हणून मोठ्यांचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते सगळ्या मुलांना लागू पडत नाही आणि आपले मूल कोणत्या गटातले हे तपासल्याशिवाय कळत नाही. या काळात पाणी ओसरावे म्हणून अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड देण्याचा उपयोग होत नाही, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. आमच्या डॉक्टरांनी एकही औषध लिहून दिले नाही तेव्हा घरी सर्वांना ते विचित्र वाटले. ठणका आणि ताप असलेले तीव्र इन्फेक्शन वेगळे, त्याला डॉक्टर गरजेप्रमाणे अँटिबायोटिक देतात आणि ते पूर्ण घ्यावे.

माझ्या सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केले होते. "चार थेंब सोडा की, चार दिसांत कान मोकळा हुतोय," असे त्या मायेने म्हणत होत्या. मी त्यांना तो सपाट रेघेचा कागद दाखवला आणि पाणी पडद्याच्या आत आहे, तेल बाहेरच राहणार, हे समजावले. त्यांनी वाटी बाजूला ठेवली. आपल्या मुलीचा कान दोनदा फुटला आहे, म्हणजे पडद्याला भोक पडलेले असताना तेल थेट आत जाऊ शकते. कृपया कोणाच्याही आग्रहाने कानात काहीही घालू नका.

थांबणे म्हणजे विसरणे नव्हे, हे मात्र आम्ही पाळले. शाळेत त्याला पहिल्या बाकावर बसवले. त्याच्याशी बोलताना आधी समोर जायचे, टीव्ही बंद करायचा आणि मग बोलायचे, असे घरात ठरवले. माझ्या पतींनी घरात सिगारेट ओढणे सोडले, कारण घरातल्या धुराने मुलांचे कान बिघडतात हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मूल अजून बाटलीने दूध पीत असेल तर आडवे झोपवून देऊ नये, तेही महत्त्वाचे. तीन महिन्यांनी रेघ पुन्हा सपाटच आली आणि ऐकण्याचे आकडे तेच राहिले. मग आम्ही होकार दिला.

भाचीचे उलटे झाले. माझी बहीण इचलकरंजीत असते. तिच्या मुलीचे कान जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात चारदा दुखले आणि ऑगस्टमध्ये दोन्ही कानांत पाणी सापडले. बहीण घाबरून ऑपरेशनला तयार झाली होती. मी तिला फक्त एवढेच म्हटले की पाऊस संपून सर्दी थांबली की पुन्हा रेघ काढून घे. नोव्हेंबरअखेर दोन्ही रेघांना टोक आले होते आणि ऐकणे व्यवस्थित होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात मुलांची एक सर्दी संपेपर्यंत दुसरी सुरू होते, त्यामुळे त्या दिवसांत सापडलेल्या पाण्यावरून घाईने ठरवू नये, असे माझे मत झाले आहे.

आता आपल्या मुलीविषयी. वारंवार होणाऱ्या इन्फेक्शनची डॉक्टरांची व्याख्या सहा महिन्यांत तीन, किंवा वर्षात चार आणि त्यातले निदान एक गेल्या सहा महिन्यांतले, अशी आहे. आपली मुलगी त्यात बसते. पण अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात असे स्पष्ट म्हटले आहे की इन्फेक्शन कितीही वेळा झाली असली तरी तपासणीच्या वेळी पडद्यामागे पाणी नसेल तर ग्रोमेट बसवू नये. पाणी असेल तर तो पर्याय पालकांपुढे ठेवावा. आणि इन्फेक्शनचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दोन्ही कानांत पाणी तीन महिने किंवा अधिक काळ राहून ऐकणे कमी झाले असेल तर ग्रोमेट सुचवावे. म्हणून सारा भर त्या पाण्यावर आहे. ते शेवटच्या ठणक्यानंतर आठवडाभरात पाहिले गेले असेल तर ते त्या इन्फेक्शनचेच उरलेले असण्याची शक्यता मोठी आहे. दीड-दोन महिने कान शांत राहिल्यावर पुन्हा पाहिले आणि तरीही ते असले, तर सल्ल्याला वजन येते.

फक्त इन्फेक्शन कमी व्हावीत एवढ्यासाठी ग्रोमेटचा किती उपयोग होतो, यावर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते पस्तीस महिन्यांची २५० मुले त्यात होती. पुढच्या दोन वर्षांत ग्रोमेट बसवलेल्या मुलांना वर्षाला सरासरी १.४८ आणि औषधांवर ठेवलेल्या मुलांना १.५६ वेळा इन्फेक्शन झाले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. आपली मुलगी त्या मुलांपेक्षा थोडी मोठी आहे, पण वय वाढते तसा ठणका कमी होत जातो हे तिलाही लागू आहे. थांबल्याने कायमचे नुकसान होईल या आपल्या भीतीबद्दलही त्याच शहरातले एक काम दिलासा देणारे आहे. तीन वर्षांखालच्या, एरवी निरोगी मुलांपैकी काहींना लगेच आणि काहींना काही महिने थांबून, तरीही पाणी राहिले तरच ग्रोमेट बसवले, आणि तीच मुले नऊ ते अकरा वर्षांची झाल्यावर त्यांचे वाचन, बोलणे आणि वागणे तपासले, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मात्र मुलीचे बोलणे आधीच मागे असेल, टाळूला जन्मतः फट असेल, डाउन सिंड्रोम असेल किंवा पडदा आत ओढला जाऊन खराब होत असेल, तर हा दिलासा लागू नाही. अशा मुलांत डॉक्टर लवकर निर्णय घेतात आणि तो बरोबर असतो.

नाकामागे, त्या नळीच्या तोंडाजवळ असणाऱ्या ॲडेनॉइड नावाच्या गाठीविषयीही विचारून घ्या. मुलगी तोंड उघडे ठेवून झोपते का, घोरते का, हे पाहा. माझ्या मुलाचे ॲडेनॉइड मोठे होते आणि तो चार वर्षांचा झालेला होता, म्हणून ते त्याच भुलीत काढले. चार वर्षांखालच्या मुलांत नाक बंद राहण्यासारखा त्याचा स्वतंत्र त्रास असल्याशिवाय केवळ कानासाठी ते काढत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशीची भीती मला अजून आठवते, म्हणून तो दिवस नीट सांगते. सकाळी त्याला सहा तास आधीपासून अन्न आणि दूध बंद होते, पाणी दोन तास आधीपर्यंत चालत होते. तो दुधासाठी रडत होता आणि मी त्याला गॅलरीतली पाखरे दाखवत वेळ काढत होते. हा उपास कडक पाळावा लागतो, कारण भुलीत पोटातले श्वासनलिकेत जाऊ शकते. भूलतज्ज्ञांना सर्दी, खोकला, दमा, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असल्यास ते, सगळे सांगा. ताजा खोकला-ताप असेल तर ते ऑपरेशन पुढे ढकलतात आणि त्यात काही वाईट नाही. कानाचे काम सूक्ष्मदर्शकाखाली दहा-पंधरा मिनिटांत होते. बाहेर टाका नाही, पट्टी नाही. पडद्याला दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन पाणी ओढून घेतात आणि त्या चिरेत मधे खाच असलेली मण्याएवढी नळी बसवतात. ती पाणी काढत बसत नाही, बंद पडलेल्या नैसर्गिक नळीऐवजी हवा आत जाऊ देते. ही पद्धत नवीन नाही, अमेरिकेतल्या डॉ. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये प्लॅस्टिकची अशी नळी वापरून ती रूढ केली. आम्ही त्याच संध्याकाळी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, माझ्या हातांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आई, तुझ्या बांगड्या वाजत्यात." त्या बांगड्या त्याच्या जन्माआधीपासून माझ्या हातात आहेत.

चौथ्या महिन्यात सर्दीनंतर त्याच्या डाव्या कानातून पिवळा स्राव आला. मी घाबरले, पण ग्रोमेट असताना हे पुष्कळ मुलांत होते. नळी मोकळी असल्याने पू आत कोंडत नाही, म्हणून ठणका नसतो आणि पोटातल्या औषधाऐवजी डॉक्टरांनी दिलेले कानाचे अँटिबायोटिक थेंब पुरतात. मेडिकलमधून मनाने कोणतेही थेंब आणू नयेत. काही थेंब छिद्र असलेल्या कानात आतल्या कानाला अपाय करतात. आंघोळीला आणि तलावात वरवर पोहायला आता सहसा बंदी घालत नाहीत, पण साबणाचे पाणी, खोल सूर मारणे आणि नदीचे गढूळ पाणी टाळायला सांगतात. आपल्याकडे मुले उन्हाळ्यात पंचगंगेवर आणि विहिरींवर पोहायला शिकतात, तेवढे वर्षभर मी त्याला थांबवले. डोक्याला तेल लावताना कानाच्या तोंडाशी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवत असे.

ग्रोमेट बहुधा सहा ते अठरा महिन्यांत पडद्याबाहेर ढकलले जाऊन आपोआप पडते. आमचे एक अकराव्या महिन्यात तपासणीच्या वेळी मळात सापडले, दुसरे चौदाव्या महिन्यात. शंभरात एक-दोन मुलांत पडद्याचे छिद्र बुजत नाही आणि पुढे ते बंद करण्याचे ऑपरेशन लागू शकते. पडद्यावर पांढरे चट्टे राहतात, त्यांनी ऐकण्यात सहसा फरक पडत नाही. काही मुलांत नळी पडल्यावर पाणी पुन्हा साठते आणि दुसऱ्यांदा ग्रोमेट बसवावे लागते. हे सारे होकार देण्याआधी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या.

दरम्यान एखाद्या ठणक्यात कानामागे लालसर सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मुलगी तोल जाऊन पडू लागली किंवा तापात मान ताठ झाली, तर कोणतीही मुदत न मोजता त्याच रात्री रुग्णालय गाठा. कानातून वासाचा स्राव आठवडेच्या आठवडे येत राहणे हेही साधे लक्षण नाही.

दुसरा सल्ला घ्यायचा असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. अंगणवाडीत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथकही कान आणि ऐकणे पाहते आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी देते. ऑपरेशन ठरलेच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना आतापर्यंतच्या प्रत्येक ठणक्याची तारीख, दिलेली औषधे आणि पाणी पहिल्यांदा कधी दिसले तो दिवस एका कागदावर लिहून न्या. आणि आज संध्याकाळी तिच्या पाठीमागे दोन हात अंतरावर उभे राहून, टीव्ही बंद करून, हळू आवाजात तिच्या ओळखीचे पाच-सहा शब्द म्हणून पाहा. ती किती परत म्हणते, तेही त्याच कागदावर लिहा.